दोरांची अदलाबदल

गवत कापून आडवं झालं होतं, पश्चिमेकडून ढग सरकायला लागले होते, आणि नेमक्या त्याच दुपारी टपालवाला बांधावर येऊन उभा राहिला. सुभेदारीण दाताळ्यानं गवत उलटत होती. वरची बाजू वाळली होती. खालची अजून दमट, हाताला चिकटणारी. असं गवत रचलं तर आतून तापतं, काळं पडतं आणि जनावरं त्याला तोंड लावत नाहीत. अजून एखादं कडक ऊन हवं होतं. ते मिळणार की नाही, हे ढगांनाच ठाऊक.

टपालवाल्यानं सांगितलं की सुभेदारांचं सरकारी पाकीट आहे, सही लागेल. ती कंबर सरळ करत उभी राहिली आणि शेताच्या दुसऱ्या टोकाकडे तिनं हात हलवला. नवरा विळा खांद्यावर टाकून निघाला. डावा पाय तो बाहेरच्या कडेवर टाकायचा, त्यामुळे कापलेल्या शेतातून येताना बोटीसारखा डुलत यायचा. त्या पायाची धाकटी दोन बोटं नव्हती.

सुभेदार हे गावानं दिलेलं नाव. सैन्यात तो साधा शिपाई होता, तोही खेचरांच्या तुकडीतला. गावानं त्याला असं फुकट वर चढवलं होतं आणि बायकोला सुभेदारीण करून टाकलं होतं. त्यात थट्टाही होती आणि थोडी मायाही. मात्र ज्या ठिकाणी तो खरोखर चढला होता, तिथून गावानं त्याला खाली उतरवलं होतं, आणि ते त्याला लागलं होतं.

पाकीट सुनेनं वाचलं, कारण तिचं वाचन घरात सगळ्यात चांगलं. गवताच्या ढिगावर बसून तिनं ते आधी मनात वाचलं आणि मग मोठ्यानं सांगितलं. ज्या हिवाळ्यासाठी पदक मागितलं आहे, त्या हिवाळ्यात अर्जदार तळावर असल्याची नोंद आहे. वरच्या ठाण्यावर चढल्याची नोंद दुसऱ्या शिपायाच्या नावावर आहे. त्या शिपायानं येत्या सोमवारी अधिकाऱ्यापुढे स्वतः हजर राहून ती चढाई आपली नाही असं सांगितलं, तर नोंद दुरुस्त होईल. नाही तर प्रकरण बंद.

‘‘बंद म्हणजे?’’ सुभेदारणीनं विचारलं.

‘‘म्हणजे पुन्हा लिहू नका,’’ सून म्हणाली.

सुभेदारानं विळ्याच्या पात्यावर अंगठा फिरवला, पाकीट सदऱ्याच्या खिशात घातलं आणि तो पुन्हा कापायला गेला. त्याचं बोलणं तसंही मोजकंच असायचं. लग्नानंतर पहिली कितीतरी वर्षं सुभेदारणीला वाटायचं की आपलं काहीतरी चुकतंय. मग कळलं, हा माणूस बैलाशीही एवढंच बोलतो.

नोंद चुकली होती ती अशी. खेचरांच्या तुकडीत हजेरी माणसांची होत नसे, खेचरांची होई. प्रत्येक खेचराच्या खुरावर नंबर डागलेला असायचा आणि त्या नंबरापुढे त्याला सांभाळणाऱ्या शिपायाचं नाव. खेचर वर चढलं की त्याचा माणूस वर चढला, असा हिशोब. सुभेदाराच्या नावावर एक गरीब खेचर होतं, त्याला सगळे गाय म्हणत. त्याच्या जोडीदाराच्या वाट्याला आली होती सासूबाई. हे नाव तिला पहिल्याच आठवड्यात मिळालं, कारण ती सगळ्यांना चावायची. त्या जोडीदाराला तर तिनं पाण्यावरसुद्धा नेऊ दिलं नाही. सुभेदारानं दोर धरला की मात्र ती मुकाट चालायची. म्हणून दोघांनी आपसांत दोर बदलून घेतले. कुणाला सांगायची गरज वाटली नाही, कामाशी काम. त्या हिवाळ्यात वरच्या ठाण्यावर ओझं न्यायला सासूबाईचा नंबर पुकारला गेला. तिच्याबरोबर गेला सुभेदार, आणि वहीत चढला जोडीदार.

पुढे कितीतरी वर्षांनी त्या हिवाळ्याची पदकं टपालानं घरोघर गेली. सुभेदाराच्या घरी आलं नाही. त्याला वाटलं, येईल. मग वाटलं, नसेल द्यायचं. तो विसरूनही गेला असता, पण गावानं शाळेच्या भिंतीवर सैन्यात गेलेल्यांच्या नावांची फरशी बसवायचं ठरवलं. ज्यांनी वरच्या ठाण्यावर हिवाळा काढला, त्यांची नावं वेगळी, वरच्या बाजूला. समितीनं कचेरीतून नोंदी मागवल्या. फरशीवरचं फडकं काढलं तेव्हा सुभेदाराचं नाव खालच्या ओळीत होतं. डेअरीच्या अध्यक्षानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर प्रेमानं सांगितलं की काका, तळावर असलात तरी सेवा ती सेवाच. सुभेदारीण बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिनं पाहिलं, नवरा एक पाऊल मागे सरकला आणि त्यानं डावा पाय उजव्याच्या मागे घेतला.

त्याच संध्याकाळी गिरणीवाल्यानं विचारलं की तळावर बर्फ नव्हता म्हणतात, मग बोटं कशानं गेली, चारा कापायच्या यंत्रानं? लोक हसले. गिरणीवाला वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त जीभ आवरायची नाही. पण त्या दिवसापासून गावात बोटांची गोष्ट यंत्राची झाली. नव्या पोरासोरांना तीच खरी वाटायची.

तेव्हापासून सुभेदार अर्ज करत होता.

रात्री जेवताना सुभेदारणीनं सरळ विचारलं की आता त्या जोडीदाराकडे जाणार की नाही. सैन्यात त्याला उंट म्हणत. लांब मान, लांब पाय, आणि वाकून चालणं. तो बसच्या रस्त्यावरच्या एका बाजारगावात खोगिरं शिवायचं दुकान चालवत होता, एवढं कळलेलं होतं.

‘‘त्याच्या दारात काय म्हणून जाऊ?’’ नवरा म्हणाला. ‘‘मिळालेलं परत दे म्हणून?’’

‘‘मग अर्ज कशाला केले?’’

त्यानं ताट बाजूला सारलं. ‘‘मी कुठे होतो ते त्यांच्या वहीत बरोबर लिहिलेलं असावं. एवढंच.’’

‘‘मग उद्या निघू. मी पण येते. तुम्ही एकटे गेलात तर पाऊसपाण्याचं बोलून परत याल.’’

सासू-सासरे बाहेर गेल्यावर गवत कोण उलटणार, हा प्रश्न सुनेनं स्वतःच सोडवला. मुलगा दुधाच्या गाडीवरून दुपारी येईल, मग दोघं मिळून करतील. ढग आले तर ताडपत्री टाकतील. तिनं सासूला बजावलं की तिथं गेल्यावर बाबांना बोलू द्या. सुभेदारीण म्हणाली, बोलू द्यायला मी काय त्यांचं तोंड धरून बसलेय?

बाजारगाव मोठं नव्हतं. बसथांब्यापासून सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि शेवटी, जिथं घोडागाड्या उभ्या राहत, तिथं उंटाचं दुकान. आत मेण आणि कातड्याचा वास. छतापासून लगाम आणि पट्टे लोंबत होते. खोगिरं आता दोनच दिसत होती. बाकी सगळी दुरुस्तीला आलेली दप्तरं, प्रवासी पिशव्या, एक फाटलेली खुर्चीची गादी. उंट चटईवर अनवाणी बसला होता. पट्ट्याचं एक टोक पायाच्या बोटांत घट्ट धरून, आरीनं भोक पाडून तो मेणाचा दोरा ओवत होता. मागच्या भिंतीवर, काच बसवलेल्या चौकटीत, पदक होतं.

त्यानं वर पाहिलं आणि आरी हातातून ठेवली. ‘‘मुक्या!’’

तो उठून आला आणि त्यानं सुभेदाराला असं कवटाळलं की सुभेदारणीला हातातली पिशवी बाजूला घ्यावी लागली. तिला त्यानं वाकून नमस्कार केला, वहिनी म्हणाला, बसायला गादीचं स्टूल पुढे केलं आणि समोरच्या टपरीला ओरडून चहा सांगितला. दुकानात एक घोडागाडीवाला बसला होता आणि दप्तर घ्यायला आलेले शाळेतले एक गुरुजी. उंटानं त्यांना पाहुण्याची ओळख करून दिली. हा माझा जोडीदार, एका तंबूत झोपायचो, एका भांड्यात खायचो. असा माणूस शोधून सापडायचा नाही.

घोडागाडीवाल्यानं विचारलं, हेही वर होते का?

उंटाचा हात चौकटीकडे गेलाच होता. क्षणभर तो तसाच राहिला. ‘‘हा खाली होता,’’ तो म्हणाला. ‘‘पण खालीही काही कमी नव्हतं.’’

सुभेदारानं चहाचा पेला दोन्ही हातांत धरला होता. सुभेदारीण त्याच्याकडे बघत राहिली, पण त्यानं नजर पेल्यातून वर काढली नाही.

मग गुरुजींनीच म्हटलं की आज जोडीदारही आहेत, तर ती ताडपत्रीची गोष्ट होऊन जाऊ दे. त्यांनी ती आधी ऐकलेली दिसत होती. उंटानं जरा आढेवेढे घेतले. पण आढेवेढे घेणारा माणूस आतून गोष्ट जुळवत असतो, हे सुभेदारणीला कळत होतं. तो बसला, त्यानं पट्टा पुन्हा पायाच्या बोटांत धरला आणि सुरुवात केली.

गोष्ट चांगली होती. वर चढतानाची वाट, जिथं खेचराच्या कानांमधून पुढे बघायचं आणि खाली बघायचंच नाही. दगड रचून केलेलं ठाणं आणि त्यावर छप्पर म्हणून ताडपत्री. बर्फ डब्यात घालून वितळवायचा. डबाभर बर्फाचं घोटभर पाणी व्हायचं, आणि पहिला घोट खेचराचा. खेचराच्या पोटाला पाठ लावून झोपायचं, म्हणजे एक बाजू तरी माणसाची राहते. वाऱ्यानं ताडपत्री फाटली तेव्हा तिचं टोक त्यानं दातांत धरून ठेवलं. उतरताना सासूबाईचा पाय बर्फाच्या धारेनं कापला, तेव्हा त्यानं स्वतःच्या बुटांतल्या लोकरी पायपट्ट्या सोडून तिच्या पायाला गुंडाळल्या आणि तिला खाली आणलं.

सुभेदारीण ऐकत होती. चहाचा पेला कधी रिकामा झाला हे तिला कळलं नाही. जन्मभर एका छपराखाली राहून नवऱ्यानं यातलं अक्षर तिला सांगितलं नव्हतं. विचारलं की म्हणायचा, थंडी होती. ती थंडी कशी होती ते आज ती एका परक्या माणसाच्या तोंडून ऐकत होती. तिला कळत होतं की ही गोष्ट कुणाची आहे. खाण्यापिण्याचं काही मिळालं की आधी जनावराकडे बघणारा माणूस कोण, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

आणि गोष्टीत एक भोक होतं. ते तिला शिवणीतून निसटलेल्या टाक्यासारखं दिसलं. गुरुजी वा वा म्हणत होते. तिनं पेला खाली ठेवला.

‘‘भावजी, पायपट्ट्या तिला बांधल्या. मग तुमच्या पायात काय राहिलं?’’

‘‘नुसते बूट, वहिनी. ओले.’’

‘‘आणि उतरायची वाट?’’

‘‘दिवसभराची.’’

‘‘मग बोटं?’’

तिनं ते हळूच विचारलं होतं. पण दुकान लहान होतं. घोडागाडीवाल्यानं उंटाच्या पायांकडे पाहिलं. गुरुजींनीही पाहिलं. पट्टा घट्ट धरून ठेवलेली सगळी बोटं चटईवर स्पष्ट दिसत होती, लांब, मजबूत, एकही कमी नाही. मग सगळ्यांची नजर सुभेदाराच्या डाव्या बुटाकडे गेली, ज्याचं टोक एका बाजूला नेहमी आत दबलेलं असायचं.

उंटानं पट्टा सोडला. तो म्हणाला, गुरुजी, दप्तर उद्या देतो. घोडागाडीवाला आपणहून उठला.

दुकानाची फळी अर्धी ओढून घेतल्यावर तिघंच उरले. सुभेदार बायकोकडे अशा नजरेनं बघत होता, जशी तिनं फक्त एकदा, त्याचा विळा शेजाऱ्याला दिला तेव्हा, पाहिली होती. मग त्यानं खिशातून पाकीट काढलं आणि जोडीदारापुढे धरलं. उंटानं चष्मा लावून ते वाचलं. वाचायला त्याला फार वेळ लागला. वाचून झाल्यावरही तो कागदाकडे बघत होता, हे सुभेदारणीच्या लक्षात आलं.

तो म्हणाला की पदक आलं तेव्हा त्याला आधी काही उमगलंच नव्हतं. मग उमगलं. लोक विचारायचे, कशाबद्दल मिळालं. त्यांना काहीतरी सांगायला हवं होतं, आणि त्याच्याकडे दवाखान्यात ऐकलेलं होतं. हा खाटेवर पडला होता, पायाला बांधलेलं, ताप चढलेला. त्या तापात हा बोलला. एरवी जन्मात बोलला नाही इतकं बोलला.

‘‘तुझं ते तू मला दिलंस, आणि मी ते वापरलं,’’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात ना रडणं होतं ना अरेरावी. ‘‘येईन मी सोमवारी, सांगेन. पण एक सांग, मुक्या. माझं तोंड बंद झाल्यावर ही गोष्ट सांगणार कोण? तू?’’

सुभेदारानं उत्तर दिलं नाही. उंट हसला. ‘‘बघा वहिनी. हे असं.’’

मग तो म्हणाला की सोमवारी एक खोगीर द्यायचं कबूल केलंय, बघतो कसं जमतंय. येईन आणि बघतो, हे दोन्ही शब्द त्यानं एकाच दमात सांगितले होते. परतीच्या बसमध्ये सुभेदारीण त्यांतला कुठला खरा, याचा विचार करत होती. नवरा खिडकीबाहेर बघत होता. घर जवळ आल्यावर तो एवढंच म्हणाला की दुकानात तसं बोलायला नको होतं. ती म्हणाली, मी काही बोलले नाही, मी फक्त विचारलं.

रविवारी ऊन पडलं. असं स्वच्छ, कोरडं ऊन की सकाळीच गवत खुळखुळायला लागलं. सगळं घर शेतात उतरलं. मुलगा आणि सून पेंढ्या बांधून देत होती, सुभेदारीण त्या वाहून आणत होती, आणि सुभेदार गंजीवर उभा राहून त्या घेत होता, रचत होता, पायानं तुडवून दाबत होता. गंजी रचणं हे त्याचंच काम. मधला भाग नेहमी उंच ठेवायचा, म्हणजे पाणी बाहेर वाहून जातं. कडा आधी भरायच्या, मग पोट. दोन बोटं नसलेल्या पायानं त्याला कडेवर तोल सांभाळता येत नसे, म्हणून डाव्या बाजूच्या कडेला तो गुडघ्यावर बसून पेंढी लावायचा. बाकीच्यांना वाटे, तिथं तो जास्त काळजी घेतो.

गिरणीवाला सायकलवरून चालला होता. तो थांबला. उद्या कचेरीत जाणार म्हणे, त्यानं विचारलं. वर सुभेदार पेंढी दाबत राहिला. गिरणीवाला म्हणाला, जपून या सुभेदार, कचेरीत कागद कापायचं यंत्र असतं, आहेत ती बोटं सांभाळा.

सुभेदारीण पेंढी डोक्यावर घेऊन उभी होती. तिच्या मानेत कळ आली होती. तिला वाटलं नवरा आता काहीतरी बोलेल. त्यानं खाली वाकून तिच्या डोक्यावरची पेंढी उचलली, जागेवर लावली आणि तिच्यावर पाय दिला. गिरणीवाला थोडा वेळ थांबला, मग गवत छान झालंय म्हणाला आणि गेला.

सूर्य कलला तेव्हा गंजीचं टोक बांधून झालं होतं. सुभेदार वरून उतरला, हातपाय धुतले आणि पायरीवर बसून त्यानं बूट पुसायला घेतले. ‘‘तो येईल का?’’ सुभेदारणीनं विचारलं. तो म्हणाला, ठाऊक नाही. उंट वेळेवर कधीच कुठे येत नसे.

कचेरीच्या बाहेर लांब बाक होतं आणि त्यावर बसलेल्या प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी. आत बोलावलं गेलं तेव्हा उंट आलेला नव्हता. अधिकारी बाई मध्यम वयाच्या होत्या, डोळ्यांखाली थकवा, बोलणं सौम्य. त्यांनी सगळं आधी वाचलेलं दिसत होतं. त्या म्हणाल्या की दुसऱ्या शिपायाशिवाय मला काही करता येणार नाही, जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबते. सुभेदार म्हणाला, बरं. तो परत बाकावर येऊन बसला, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून. सुभेदारणीनं बरोबर आणलेली भाकरी सोडली नाही. कचेरीचा शिपाई दोनदा दारात आला आणि आत गेला. बाकावरची माणसं एकेक करून कमी झाली.

सुट्टीची घंटा व्हायला आली होती तेव्हा उंट जिन्यावरून वर आला, धापा टाकत, खांद्यावर नवं खोगीर. ते रस्त्यात पोचवायचं होतं म्हणे, गिऱ्हाईक भेटलंच नाही, म्हणून ते घेऊनच यावं लागलं. खोगीर त्यानं बाकावर ठेवलं आणि सुभेदारणीला त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. पण तिला आत जायचं होतं. ती खोगीर उचलून घेऊनच आत गेली आणि दाराजवळ ते मांडीवर घेऊन बसली.

बाईंनी उंटाला विचारलं की त्या हिवाळ्यात आपण कुठे होता. सुभेदारणीला वाटलं, आता ती चढणीची वाट येईल, वारा येईल. उंटानं खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि पदक टेबलावर ठेवलं.

‘‘मी तळावर होतो,’’ तो म्हणाला.

बाई थांबल्या, आणखी काही येईल म्हणून. काही आलं नाही. त्यांनी दोरांच्या अदलाबदलीचं विचारलं, त्याला त्यानं होय म्हटलं. सासूबाई त्याला कुठे चावली होती ते त्यानं दंडावर दाखवलं. मग बाई सुभेदाराकडे वळल्या. आता तुम्ही वर काय काय केलं ते तुमच्या शब्दांत सांगा, मला लिहून घ्यावं लागेल.

सुभेदारानं घसा साफ केला. ‘‘ओझं नेलं. उतरवलं. चारा घातला. पाणी केलं.’’

बाईंची लेखणी थांबली. ‘‘आणखी?’’

‘‘थंडी होती.’’

उंट खुर्चीत चुळबुळ करायला लागला. त्याचे लांब हात मांडीवर राहत नव्हते. शेवटी त्याला राहवलं नाही. ‘‘अरे, ती ताडपत्री फाटली ते सांग की.’’

‘‘तुम्ही नको,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तुम्ही तळावर होता.’’

उंटाचं तोंड उघडंच राहिलं, मग मिटलं. सुभेदारणीला हसूही आलं आणि त्या माणसाची दयाही आली.

‘‘ताडपत्री फाटली नव्हती,’’ सुभेदार म्हणाला. तो जोडीदाराकडे बघून बोलत होता. ‘‘तिची दोरी सुटली होती. मी ती परत बांधली.’’ मग जणू त्या दोरीनंच काहीतरी मोकळं केलं, आणि तो बोलत राहिला. सावकाश, मध्येच थांबत. पाय बर्फानं कापला हे खरं. पण पायपट्ट्या त्यानं मायेपोटी सोडल्या नव्हत्या. ठाण्यावरचा एक शिपाई आजारी होता, छाती भरलेला, त्याला चालता येत नव्हतं. तो सासूबाईच्या पाठीवर बांधलेला होता. सासूबाई बसली असती तर तो खाली आलाच नसता. म्हणून तिचा पाय चालता राहायला हवा होता. आपल्या पायाचं पुढे बघू, असं त्याला वाटलं. वाटेत आजाऱ्याशी बोलत राहायचं होतं, त्याला झोपू द्यायचं नव्हतं. पण बोलायला काही सुचेना, म्हणून तो त्याला वाटेतला एकेक दगड सांगत आला. हा मोठा, हा चपटा, हा पुन्हा मोठा.

‘‘वाचला का तो?’’ बाईंनी विचारलं. हे त्यांनी लिहिलं नाही, नुसतंच विचारलं.

‘‘तळावर पोचेपर्यंत होता. मग त्याला गाडीतून पुढे नेलं. पुढचं ठाऊक नाही.’’

उंट म्हणाला, आजाऱ्याचं हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

‘‘सांगितलं होतं. तुला झोप लागली होती.’’

बाईंनी दोघांच्या सह्या घेतल्या. त्या म्हणाल्या की दुरुस्ती आजच पुढे जाईल, नवं पदक यायला काही महिने लागतील, आणि गावाच्या समितीला कळवायचं पत्र कचेरीच पाठवेल. टेबलावरचं पदक सुभेदाराला देता येणार नव्हतं, कारण त्याच्या कडेवर उंटाचा नंबर कोरलेला होता. ते त्यांनी एका लहान पाकिटात घातलं आणि खणात ठेवलं. उंट खणाकडे बघत राहिला. सुभेदारानं खोगीर बायकोच्या मांडीवरून उचललं आणि आपल्या खांद्यावर घेतलं.

बसथांब्यावर तिघांनी भाकरी वाटून खाल्ली. उंटाला भूक लागली होती. तो भरभर खात होता. आपल्या भिंतीवर आता चौकटीच्या जागी पांढरा चौकोन दिसेल, तिथं काय टांगू, असं त्यानं विचारलं. सुभेदारीण म्हणाली, लगाम टांगा, विकला तर जाईल.

‘‘आणि गुरुजींना काय सांगू?’’

‘‘तेच सांग,’’ सुभेदार म्हणाला. ‘‘माझं म्हणून सांग. आजाऱ्याचंही घाल.’’

उंटानं घास चावायचा थांबवला. ‘‘घालू?’’

‘‘घाल. मला नाही सांगता येत.’’

‘‘ताडपत्री मात्र मी फाडणार.’’

‘‘ती फाटली नव्हती.’’

‘‘फाटायला हवी होती, मुक्या. ऐकणाऱ्याला दोरीत काय गंमत?’’ त्याची बस आधी आली. खोगीर घेऊन तो दारात अडकला, मागच्या माणसाची बोलणी खाल्ली, आणि आत शिरल्यावर खिडकीतून मान बाहेर काढून ओरडला की वहिनी, याला बोलतं ठेवा.

त्यांच्या बसमध्ये जागा मिळाली. सुभेदारीण आतल्या बाजूला बसली, तो बाहेरच्या. बाईंनी बरंच विचारलं होतं, उंटानंही. एक मात्र कुणी विचारलं नव्हतं. ते तिनं गावाबाहेर पडल्यावर विचारलं.

‘‘भीती वाटली होती का?’’

तो विचार करत राहिला. मध्ये एक वळण गेलं, पूल गेला. ‘‘भीती नाही. झोप यायची. फार झोप यायची. बसावंसं वाटायचं.’’

‘‘मग जागे कसे राहिलात?’’

‘‘ती झोपू द्यायची नाही ना. मी तिच्या तोंडाशी चालायचो. जरा माझा पाय रेंगाळला की कान धरायची.’’

‘‘कोण?’’

‘‘सासूबाई.’’

सुभेदारीण त्याच्याकडे वळली. त्याच्या उजव्या कानाची पाळी तिच्या डोळ्यांसमोर होती. पाळीच्या कडेला एक बारीक खाच होती, तिळाएवढी. लग्नाच्या पहिल्या दिवसांपासून तिनं ती पाहिली होती, न्हाऊ घालताना, तापात पट्ट्या ठेवताना, केस कापताना. तिला वाटत आलं होतं की ती जन्मापासूनची आहे.

तिनं बोट पुढे केलं आणि खाचेवर ठेवलं. तिथली कातडी घट्ट आणि गुळगुळीत होती.

‘‘दुखलं असेल,’’ ती म्हणाली.

‘‘तेव्हा नाही,’’ तो म्हणाला. ‘‘खाली आल्यावर दुखलं.’’ आणि मग, तिनं काही न विचारता, तो पुढचं सांगायला लागला.